सर्वांत सुरक्षित गाडीला गार्ड

अपघाताची मला भीती वाटत नाही. मला अपघाताची माहिती आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण हा फरक आमच्या घरात कोणी मानत नाही. मी विमा कंपनीच्या मोटार-दावे विभागात नोकरी करतो, आणि इतक्या वर्षांत सुखरूप घरी पोचलेली एकही गाडी माझ्या टेबलावर आलेली नाही. येतात त्या चेपलेल्या, उलटलेल्या, झाडाला मिठी मारून बसलेल्या. सोबत मालकाचं निवेदन असतं, आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मी अत्यंत सावकाश चाललो होतो." जगात सावकाश जाणाऱ्यांचंच फार वाईट होतं, असा माझा कागदोपत्री अनुभव आहे.

त्यामुळे बायकोला गावाबाहेरच्या शाळेचं मुख्याध्यापकपद मिळतंय म्हटल्यावर घरात आनंदीआनंद झाला, आणि त्या शाळेकडे बस जात नाही हे कळल्यावर मी एकट्याने हातातला पेढा खाली ठेवला. शाळा टेकडीपलीकडे, खाणीच्या रस्त्याला. त्या रस्त्यावरून दगडांचे ट्रक येतात. ते ट्रक मला फोटोंतून चांगले परिचित आहेत.

संस्थेच्या चिटणीसांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, शाळा सोमवारी उघडते. सोमवारच्या प्रार्थनेला मुख्याध्यापिका हजर पाहिजेत आणि पुढेही रोज वेळेवर पाहिजेत. येण्याजाण्याची सोय तुमची तुम्ही बघायची. जमत नसेल तर आताच सांगा, चित्रकलेचे सर तयार आहेत. त्यांच्याकडे मोटरसायकल आहे."

हे चित्रकलेचे सर बायकोच्याच शाळेतले, तिच्यानंतर पुष्कळ वर्षांनी नोकरीला लागलेले, आणि आता तेही टेकडीपलीकडच्या शाळेत बदलून जाणार होते. तिने गणित शिकवून वाढवलेल्या मुलांनी त्यांच्या वर्गात सूर्योदय रंगवले, एवढाच त्यांचा शिक्षणाशी संबंध. बायको फोन ठेवून इतकंच म्हणाली, "गणिताने हरले तर समजू शकते. मोटरसायकलने हरणार नाही."

मी म्हटलं, "मी सोडत जाईन तुला."

"आणि तुमचं ऑफिस?"

"बघू काहीतरी."

"मुख्याध्यापिका उशिरा का आल्या, तर नवऱ्याला अंघोळीला वेळ लागला. असं सांगू का मुलांना?" ती म्हणाली. मग शांतपणे पर्समधून शिकाऊ परवाना काढून तिने टेबलावर ठेवला. ड्रायव्हिंग स्कूलच्या शिकवण्याही झाल्या होत्या. हे सगळं कधी उरकलं ते मला ठाऊक नव्हतं. मी अपघातांची माहिती ठेवत होतो, घरातली ठेवायची राहून गेली होती.

मग मी एकच अट घातली. चालवायची तर जगातली सर्वांत सुरक्षित गाडी.

अशी गाडी बनवणारी एक कंपनी आहे. कुठल्याशा थंडगार देशातली. लोक तिची गाडी दिसायला चांगली म्हणून घेत नाहीत, कारण ती दिसायला चांगली नसते. लोखंडी कपाटाला चाकं लावल्यासारखी दिसते. वेगासाठीही घेत नाहीत. मरायचं नाही म्हणून घेतात. आम्ही घेतली ती दुसऱ्या हातची, पण विकणाऱ्या गृहस्थाने तिचा इतिहास असा सांगितला की किल्ल्याचं खरेदीखत करतोय असं मला वाटलं.

"या कंपनीचा संस्थापक घड्याळजी होता," तो म्हणाला. "त्याची बायको प्रत्येक नव्या मॉडेलच्या मागच्या सीटवर अंड्यांची टोपली ठेवायची आणि नवऱ्याला खडकाळ रस्त्यावरून गाडी पळवायला लावायची. एक जरी अंडं फुटलं तरी मॉडेल रद्द. पुढे अंड्यांच्या जागी लाकडी बाहुल्या आल्या, मग रबरी माणसं आली. आणि आता तर," त्याने गाडीच्या नाकावरच्या चिन्हावर प्रेमाने बोट ठेवलं, "इथे आत डोळा बसवलाय. समोर काही आडवं आलं की ड्रायव्हरला कळायच्या आत गाडी स्वतः ब्रेक लावते."

माझे डोळे भरून आले. ड्रायव्हरला कळायच्या आत. माझ्या टेबलावरची निम्मी निवेदनं या तीन शब्दांअभावी लिहिली गेली होती.

हा इतिहास मी पुढे आठवडाभर दिसेल त्याला सांगितला. बायको म्हणाली, "त्यांना नक्की गाड्या विकायच्या होत्या की अंडी?" आईने विचारलं, "आणि फुटलेल्या अंड्यांचं काय करायचे?" इतिहासाकडे बघण्याची दृष्टी आमच्या घरात नाही.

ती मिळाली खालच्या मजल्यावर. तिथे पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक इंजिनीअर राहतात. कुठल्याही विषयात ते तिसऱ्या वाक्याला टॉर्कवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोरावर, येतात. मुलीच्या लग्नाचं बोलतानाही आले होते म्हणे. इमारतीत त्यांना टॉर्कसाहेबच म्हणतात. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, टायरला लाथ मारली, बॉनेटवर कान ठेवला आणि विचारलं, "अंडी कच्ची होती की उकडलेली? कारण त्याने टॉर्कमध्ये फरक पडतो."

"कच्ची असणार."

"मग गाडी चांगली आहे." मग ते गाडीच्या समोर उकिडवे बसले आणि बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. "पण साहेब, एवढा महागाचा डोळा असा उघडा? उद्या कुणी मागे घेताना ठोकलं, एखादा दगड उडाला, तर काय? आणि वहिनी तर खाणीच्या रस्त्याने जाणार."

दगड म्हटल्यावर मला फोटोंतले ट्रक आठवले.

"गार्ड बसवा," टॉर्कसाहेब म्हणाले. "जाड नळ्यांचा. समोरून पूर्ण. मी स्वतः बसवून देतो, असे नट मारतो की पुन्हा निघायचं नाव नाही."

जगातल्या सर्वांत सुरक्षित गाडीला संरक्षणाची गरज असते का, हा प्रश्न सुशिक्षित माणसाला पडायला हरकत नव्हती. मला पडला नाही. सीटवरचं प्लास्टिक मी आधीच काढू दिलं नव्हतं. स्टिअरिंगला कव्हर घातलं होतं, त्या कव्हरला धूळ लागू नये म्हणून रात्री वर टॉवेल टाकत होतो. त्यात गार्ड म्हणजे फार काही नव्हतं. टॉर्कसाहेबांनी दिवसभर घाम गाळून चकचकीत नळ्यांची एक भक्कम जाळी गाडीच्या तोंडावर चढवली. मी लांब उभं राहून पाहिलं आणि समाधानाने म्हटलं, "आता कशी भारदस्त दिसते." बायको म्हणाली, "दात सरळ करायला तारा लावल्यासारखी दिसते." आणि आत निघून गेली.

आता या गाडीचा स्वभाव सांगायला हवा. ती बोलत नाही, पण टोकते. दार नीट लागलं नाही, टोकते. पट्टा लावला नाही, टोकते. बाजारातून येताना आईने मागच्या सीटवर कलिंगड ठेवलं, तर त्याचं वजन तिला माणसाएवढं वाटलं आणि ते पट्टा लावत नाही म्हणून तिने घरापर्यंत कटकट केली. शेवटी मी रस्त्यात थांबून कलिंगडाला पट्टा लावला. आई म्हणाली, "अरे, एक मास्तरीण घरात असताना ही दुसरी कशाला आणलीस?" समोर बसलेल्या मास्तरीणबाईंनी हे ऐकलं नाही असं दाखवलं.

पण गार्ड बसल्यानंतर गाडी नुसती टोकून थांबेना. ती खरंच थांबू लागली.

संध्याकाळी आम्ही रिकाम्या मैदानाकडच्या रस्त्याला सरावासाठी जात असू. बायको गाडी चालवी, मी शेजारी बसून माहिती देत असे. गाडी छान चालायची. आणि जरा वेग घेतला की एकाएकी तांबडा दिवा, कर्कश शिट्टी, आणि अशी गचकन थांबायची की पट्टा छातीत रुतायचा. समोर चिटपाखरू नसायचं.

"मी काही केलं नाही," बायको म्हणायची.

"पाय लागला असेल."

"माझा पाय मला कळतो हो."

"प्रत्येक चालकाला असंच वाटतं. माझ्याकडे निवेदनं येतात ना."

मग मी चालवायला घ्यायचो. तेव्हाही गाडी तश्शीच थांबायची. पण माझ्या हातून थांबली की मला वाटायचं, तिने पुढचा एखादा धोका ओळखला असणार, जो साध्या डोळ्यांना दिसत नाही. एकच गचका, तिच्या हातून बसला तर चूक आणि माझ्या हातून बसला तर तंत्रज्ञान. बायकोने हे एकदा बोलून दाखवलं. मी विषय बदलला.

अशाच अवस्थेत पक्क्या परवान्याची परीक्षा आली.

परीक्षेचं मैदान म्हणजे मोठं मातीचं आवार. त्यात एक चढ, एक वळणावळणाची वाट, आणि कडेला पत्र्याखाली बाकं. परीक्षा घेणारे साहेब बारीक अंगाचे, पांढरा शुभ्र शर्ट, हातात चहाचा कागदी कप. ते बायकोशेजारी बसले. मी मागे बसलो. साहेब म्हणाले, "घ्या पुढे, बाई. घाबरू नका, रोजचंच आहे."

बायकोने गाडी पुढे घेतली. वळणं सुंदर घेतली. साहेबांनी मान डोलावली आणि कप तोंडाला लावला. नेमकी तेव्हाच गाडी गचकन थांबली.

साहेबांनी आधी शर्टकडे पाहिलं. मग काचेतून समोर पाहिलं. समोर मैदान होतं.

"ब्रेक का मारलात?"

"मी नाही मारला, साहेब. गाडीने मारला."

"गाडीने?"

इथे मी मदतीला धावलो. "साहेब, ही जगातली सर्वांत सुरक्षित गाडी आहे. हिच्या संस्थापकाची बायको मागच्या सीटवर अंडी—"

"हे कोण?" साहेबांनी बायकोला विचारलं.

"माझे मिस्टर."

"हं," साहेब म्हणाले. त्या एका अक्षरात त्यांनी आमच्या संसाराचा पंचनामा केला. चढावर गाडी पुन्हा थांबली, उतारावर पुन्हा. खाली उतरून शर्ट झटकत ते म्हणाले, "बाई, तुम्हाला येतं की गाडीला येतं हे मला समजायला मार्ग नाही. परवाना तर मला तुमच्या नावाचा द्यायचा आहे. नापास." खिडकीवरच्या कारकुनाने पुढची तारीख शोधली. सोमवारच्या आधी एकच मोकळी जागा होती, शुक्रवारची शेवटची.

घरी आल्यावर जिना चढताना बायको म्हणाली, "ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मी एकदाही अशी थांबले नव्हते."

"मग त्यांचीच घेऊ परीक्षेला."

"ती दुरुस्तीला गेलीय. विचारलं मी."

मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पुष्कळ संगीत ऐकवल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली. गाडी दाखवायला पुढच्या आठवड्यातली वेळ आहे म्हणाली. मी परिस्थिती सांगितली. तिने सहानुभूतीने ऐकून विचारलं, "सर, गाडीच्या समोर काही अडथळा असतो का?"

"काहीही नाही. रस्ता मोकळा असतो."

"आणि सर, गाडीला बाहेरून काही बसवून घेतलंय का? कंपनीचं नसलेलं?"

आता हा प्रश्न मी स्वतः आयुष्यभर लोकांना विचारत आलो आहे. दावेदार खुशीत सांगतो, हो साहेब, हौसेने अमुक बसवलं, तमुक बसवलं, आणि तिथेच त्याचा दावा बुडतो. या प्रश्नाला हो म्हणणारा माणूस वाचलेला मी पाहिलेला नाही. माझ्यातला दावे अधिकारी सावध होऊन उभा राहिला.

"काहीही नाही," मी ठामपणे म्हणालो. "गाडी जशी आली तशी आहे."

"मग सर, ड्रायव्हर घाबरून ब्रेकला पाय लावत असेल."

फोन ठेवून मी बायकोला म्हटलं, "तेही तेच म्हणतात. पाय लागतो." तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी उठून स्टिअरिंगवरचा टॉवेल बदलायला गेलो.

शुक्रवार उजाडला. मी अर्धी रजा टाकली. टॉर्कसाहेब पिशवी घेऊन खाली उभेच होते, म्हणाले, "तांत्रिक माणूस बरोबर असलेला बरा." बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गाडीचं दार उघडलं. ती चालवायला, मी शेजारी, टॉर्कसाहेब मागे. आई दारातून म्हणाली, "तिला बोलू नकोस रे वाटेत." मी म्हटलं, "मी कुठे बोलतो?"

मोठ्या चौकापर्यंत सगळं ठीक होतं. म्हणजे मी एवढंच म्हणत होतो की डावीकडे लक्ष ठेव, उजवीकडे लक्ष ठेव, तो रिक्षावाला बघ, त्या बाईच्या हातात मूल आहे, आणि मान ताठ ठेवू नकोस. सिग्नल हिरवा झाला. बायकोने गाडी चौकात घातली. चौकाच्या मधोमध तांबडा दिवा पेटला, शिट्टी वाजली, आणि गाडी जागच्या जागी थांबली.

मागचा ट्रक इतक्या जवळ येऊन थांबला की आरशात नुसतं त्याचं नाव दिसत होतं. भोंगे सुरू झाले. बायकोने पुन्हा पुढे घेतली. गाडी हातभर सरकली आणि परत थांबली. सिग्नल तांबडा झाला. आता दोन्ही बाजूंची वाहनं आमच्या अंगावर येऊ लागली. एक मोटरसायकलवाला काचेवर टकटक करून म्हणाला, "काका, बाईंना घरी शिकवा."

"टॉर्क कमी पडतोय," मागून आवाज आला.

"पाय," मी म्हणालो. "अगं, पाय बघ तुझा."

बायकोने गाडी बंद केली. पट्टा काढला. आणि त्या चौकात, चारी बाजूंनी भोंगे वाजत असताना, ती दार उघडून खाली उतरली. माझ्या डोळ्यांसमोर निदान पाच-सहा प्रकारची निवेदनं तरळून गेली. ती गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली, आणि फळ्यावरचं चुकलेलं गणित बघावं तशी गाडीच्या तोंडाकडे बघू लागली. ट्रकवालाही भोंगा सोडून बघू लागला.

मग ती माझ्या खिडकीशी आली.

"त्या मुलीने फोनवर काय विचारलं होतं? तुमच्या शब्दांत नको. तिच्या शब्दांत सांगा."

मी सांगितलं.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

मी तेही सांगितलं. हळू आवाजात.

"डोळा कुठे आहे म्हणाला होता तो विकणारा?"

"चिन्हाच्या मागे."

"आणि चिन्हाच्या पुढे काय आहे?"

मी काचेतून पुढे पाहिलं. मागच्या सीटवर टॉर्कसाहेब पिशवीत पाने शोधू लागले.

"तुम्ही दोघांनी मिळून," बायको म्हणाली, "हिच्या डोळ्यांपुढे लोखंड बांधलंत. ही बिचारी रोज जीव तोडून सांगतेय, समोर काहीतरी आहे, समोर काहीतरी आहे. आणि तुम्ही मला म्हणताय, पाय."

एवढं बोलून ती परत बसली. गोगलगाईच्या वेगाने, ब्रेक लागायला कारणच मिळू नये अशी, तिने गाडी चौकाबाहेर काढली. कोपऱ्यावर गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्याचं दुकान होतं. टॉर्कसाहेबांनी पिशवीतून पाने काढले. नट निघेनात. "मी सांगितलं होतं, निघणार नाहीत," ते म्हणाले, आणि त्या अडचणीतही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. दुकानदाराने कटर आणला. ठिणग्या उडू लागल्या. एका सुरक्षित गाडीच्या तोंडावर ठिणग्यांचा फवारा उडताना बघणं मला सोसेना. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बायको घड्याळ बघत होती.

मी म्हटलं, "होईल वेळेत."

ती म्हणाली, "तुम्ही बोलू नका."

कापलेला गार्ड दुकानात टाकून जायला टॉर्कसाहेबांचं मन होईना. तो आडवा डिकीत मावेना. शेवटी तो मांडीवर घेऊन ते मागे बसले, आणि त्यांचं एकूण वजन बघून गाडीने शेजारच्या सीटचाही पट्टा मागितला. तो लावला. गाडी निघाली. एकदाही थांबली नाही. बायकोच्या हातात ती अशी चालत होती की मला माहिती द्यायला जागाच सापडेना.

मैदानावर पोचलो तेव्हा खिडकी बंद होत होती. बायको गाडी उभी करून पळत गेली. मुख्याध्यापिका होऊ घातलेली बाई पळताना मी प्रथमच पाहिली. साहेब बॅग उचलून निघाले होते. त्यांनी गाडी ओळखली, आणि नकळत शर्टाची बटणं चाचपली.

"ही गाडी?"

"साहेब, दोष सापडलाय. काढलाय. शेवटचा नंबर माझा आहे, सोमवारी मला रुजू व्हायचंय."

साहेबांनी मागच्या सीटवर लोखंडी जाळी मांडीवर घेऊन पट्ट्यांत बसलेल्या टॉर्कसाहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे दोघे खाली उतरतील," ते म्हणाले. "मग बसतो."

आम्ही दोघे पत्र्याखाली जाऊन उभे राहिलो. मैदान रिकामं होतं. आमची लोखंडी कपाटासारखी गाडी वळणावळणाच्या वाटेने निघाली आणि सुबक वळत परत आली. मग चढ. चढाच्या मध्यावर थांबायचं, आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं. ती थांबली. मला घाम फुटला. ती निघाली. घसरली नाही.

"टॉर्क छान आहे," टॉर्कसाहेब कुजबुजले.

आता फक्त उतरून, वळून, आमच्या पुढ्यातून जाऊन फाटकाशी उभं राहायचं होतं. आणि उतारावरून येताना मला वाटलं, ती जरा जोरात येतेय. फार नाही. पण 'फार नाही' हे शब्द प्रत्येक निवेदनात असतात. पुढे वळणाशी वाळू पसरलेली होती. ती तिला दिसली नसेल तर? कुणीतरी सांगायला नको का? मी दोन पावलं पुढे झालो. हात वर केले. 'सावकाश' अशी खूण केली. तिचं लक्ष जाईना, म्हणून आणखी पुढे झालो. पाय नक्की कुठे पडतायत हे मी पाहिलं नाही. पाहायची गरजही वाटली नाही. समोर जगातली सर्वांत सुरक्षित गाडी येत होती. डोळा आता उघडा होता. मी समोर असेन तर ती ड्रायव्हरला कळायच्या आत थांबणार होती.

मागून टॉर्कसाहेब ओरडले, "अहो साहेब."

गाडी थांबली. माझे गुडघे आणि तिचं चिन्ह यांच्यात हाताचा पंजा कसाबसा गेला असता. वाळू उडून माझ्या बुटांवर पडली. मी तसेच हात वर करून उभा होतो.

साहेब दार उघडून उतरले. त्यांच्या तोंडावर रंग नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. वाकून आत बघत त्यांनी विचारलं, "बाई, हा ब्रेक कोणी लावला? खरं सांगा. गाडीने लावला असेल तर माझा निकाल आधीचाच."

मला एकदम सगळं कळलं. हात वर करून मी तिचं मुख्याध्यापकपद चित्रकलेच्या सरांच्या मोटरसायकलवर नेऊन ठेवलं होतं. गाडीने मला वाचवलं असेल तर ती नापास.

बायकोचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते. तिने बोटाने स्टिअरिंगमागचा छोटा पडदा दाखवला. "साहेब, हे वाचा. चढावर असल्यापासून लागलंय. तुम्ही बघितलंय."

साहेबांनी मोठ्याने वाचलं. "समोरची सुरक्षा यंत्रणा बंद आहे. सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा." ते सरळ उभे राहिले. "हो. लागलेलं होतं."

"जाळी कापताना डोळ्याला धक्का बसला असेल," टॉर्कसाहेब म्हणाले. या खेपेला ते टॉर्कवर आले नाहीत.

"म्हणजे गाडीला हे दिसलेच नाहीत," साहेब माझ्याकडे बोट करून म्हणाले. "फक्त तुम्हाला दिसले."

"हो," बायको म्हणाली.

मी तिथेच वाळूत उकिडवा बसलो. साहेबांनी बॉनेटवर फाइल ठेवून सही केली. "पास," ते म्हणाले. "आणि बाई, एक सल्ला. कागदावर लिहिता येत नाही म्हणून तोंडी देतो. गाडी तुम्ही एकट्याच चालवत जा."

आम्ही परत निघालो. टॉर्कसाहेबांनी गार्ड मैदानावरच सोडला होता. वाटेत मी विचारलं, "तुला मी आधीपासून दिसत होतो ना?"

"दिसत होतात."

"मग ब्रेक जरा उशिरा लागला असं नाही वाटत तुला?"

"जरासा."

"का?"

तिने आरशात पाहिलं, दिवा दिला, नीट वळण घेतलं. "तुम्ही हात हलवत होतात. आधी वाटलं, काहीतरी महत्त्वाचं सांगताहेत, ऐकून घ्यावं. मग आठवलं, तुम्ही नेहमीच सांगता. तेवढ्यात तुम्ही जवळ आलात."

मागच्या सीटवर टॉर्कसाहेब खिडकीबाहेर बघत फार जोरात खोकले.

सोमवारी गाडीची यंत्रणा बंदच होती. दुरुस्तीची वेळ पुढच्या आठवड्यातली. मी रविवारभर म्हणत होतो, निदान पहिले काही दिवस मी शेजारी बसतो, एक शब्द बोलणार नाही. बायकोने इस्त्रीची साडी नेसली, पर्स घेतली, आणि शेजारच्या सीटवर शाळेच्या फायलींचा गठ्ठा ठेवून त्याला पट्टा लावला. "जागा नाही," म्हणाली.

"पोचल्यावर फोन कर."

"प्रार्थना झाल्यावर करते."

"प्रार्थनेआधी कर. नुसता वाजव. मी उचलणार नाही."

ती हसली आणि गेली. खाणीच्या रस्त्याला लागणारं वळण आमच्या गॅलरीतून दिसतं. तिथे तिने दिवा दिला, थांबली, एक ट्रक जाऊ दिला, आणि वळली. मग वळण रिकामं झालं. त्यानंतर तिथून बरेच ट्रक गेले. प्रत्येकाचा नंबर मी वाचायचा प्रयत्न केला. ऑफिसला निघायची वेळ झाली, टळली. डबा टेबलावर तसाच होता.

फोन वाजला. मी उचलणार नव्हतो, पण उचलला.

"पोचले," ती म्हणाली. मागे मुलांचा गलका होता आणि कोणीतरी जोरजोरात घंटा वाजवत होतं. "चित्रकलेच्या सरांना उशीर झालाय. मोटरसायकल पंक्चर. ठेवते, मुलं रांगेत उभी आहेत."

मी फोन हातात धरून राहिलो. आईने आतून विचारलं, "पोचली ना?"

"पोचली."

"मग आता खाली बस जरा," आई म्हणाली. "ती गेल्यापासून उभाच आहेस."

मी बसलो.